गोदी आणि यार्डातल्या कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी: कोण पात्र, काय लागतं, कुठे करायची

उलवे, द्रोणागिरी, उरणमधून न्हावा-शेव्याला कामाला जाणारे कितीतरी जण बंदराच्या नव्हे, ठेकेदाराच्या हजेरीवर असतात. कंटेनर रिकामा करायचा, गोण्यांची थप्पी लावायची, मालाला लॅशिंग करायचं, म्हणजे माल हलू नये म्हणून बांधायचा. काम जोखमीचं, आणि नोंद मात्र बहुतेक वेळा मुकादमाच्या वहीतच. म्हणून ई-श्रमवर, म्हणजे केंद्र सरकारच्या असंघटित कामगारांच्या यादीत, नोंदणी करून घ्याच.

वय १६ ते ५९ हवं आणि तुम्ही पीएफ किंवा ईएसआयसीचे (कामगार राज्य विमा) सदस्य नसावेत. ही दुसरी अट आधी तपासा. पीएफचा यूएएन (सदस्य क्रमांक) असेल तर उमंग ॲपवर पासबुक पाहता येतं. पगारातून पीएफ कापला जातोय पण पासबुकात दिसत नाही, असं असेल तर ई-श्रम हा त्यावरचा उपाय नाही. हजेरीकार्ड आणि पगाराची चिठ्ठी घेऊन पीएफ कार्यालयात तक्रार करा.

कागदपत्रं मोजकीच: आधार, आधारला जोडलेला मोबाइल आणि बँक पासबुक. ई-श्रम पोर्टलवर ओटीपी टाकून स्वतः अर्ज भरता येतो. मोबाइल आधारला जोडलेला नसेल तर जवळच्या सीएससी (सरकारी सेवांच्या) केंद्रात बोटांचे ठसे देऊन नोंदणी होते. नवी नोंदणी मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. व्यवसायाच्या रकान्यात नुसतं 'मजूर' लिहून मोकळे होऊ नका, यादीतून माल चढवण्या-उतरवण्याचं काम शोधून निवडा. वारसाचं नावही त्याच वेळी भरा. शंका असल्यास १४४३४ वर फोन करा.

ई-श्रम कार्डावर मिळणारा १२ अंकी क्रमांकही यूएएनच म्हणवतो, पण तो पीएफचा नव्हे.

कार्ड हातात आलं की बँकेत प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, एक डोळा, हात किंवा पाय कायमचा गेला तर १ लाख. कंटेनरच्या दारात बोट चिरडलं तर यातून काही मिळत नाही. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई देणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे, ती विम्यावर सोडू नका.

टोळीने काम करत असाल तर माथाडी (हमाल) कामगारांच्या मंडळातही विचारा. १९६९ च्या माथाडी कायद्याच्या अनुसूचीत गोदीतली चढ-उतार येते, फक्त १९४८ च्या गोदी कामगार कायद्याखालचे कामगार त्यातून वगळलेले आहेत. तिथे नोंद झाली तर मालक मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरची ठरावीक जादा रक्कम) मंडळात भरतो, आणि तुमची मजुरी मंडळाकडून मिळते.