हट्टी मुरूम: मूळ कारणाचा शोध कुठवर घ्यायचा?

पंचविशी उलटली, मलमे बदलून झाली, अँटिबायोटिकचे कोर्स झाले, तरी हनुवटीवर मुरूम येतच राहिले की माणूस ‘मुळावर उपचार’ करणाऱ्यांकडे वळतो. जेफ्री ब्लँड यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत ज्या फंक्शनल मेडिसिनची संस्था काढली, त्या पंथाचे म्हणणे असे की त्वचा फक्त निरोप देते, बिघाड आहारात, हार्मोनमध्ये किंवा आतड्यात असतो. मुरुमांपुरता हा प्रश्न रास्त आहे. त्याची जी उत्तरे विकली जातात, त्यांतली काही पक्की आहेत आणि काही निव्वळ महागडी.

मुरूम केसाच्या मुळाशी असलेल्या नळीत तयार होतो. तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मृत पेशी चिकटून नळीचे तोंड बुजते, आत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू वाढतो आणि दाह पेटतो. तोंड बुजल्यापासून फोड दिसेपर्यंत साधारण आठ आठवडे जातात. त्यामुळे कोणत्याही उपायाचा निकाल १२ आठवड्यांआधी लावू नये. दर पंधरा दिवसांनी उपाय बदलणाऱ्याला कशाचाच गुण येत नाही, तो यामुळेच.

आहाराचा धागा इन्शुलिनपाशी जुळतो. पाव, मारी बिस्किटे, साबुदाण्याची खिचडी, उसाचा रस यांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि पाठोपाठ इन्शुलिनही. इन्शुलिन आणि आयजीएफ-१ हे वाढीचे हार्मोन तेलग्रंथींना जोर देतात. शिवाय टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनला बांधून ठेवणारे एसएचबीजी हे प्रथिन कमी होते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढते. मेलबर्नमध्ये २००७ साली ४३ तरुणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. साखर हळू चढवणारा, जास्त प्रथिनांचा आहार घेणाऱ्यांचे सरासरी सुमारे २३ फोड कमी झाले, नेहमीचा आहार घेणाऱ्यांचे १२. म्हणजे फरक खरा आहे, पण आहाराने चेहरा साफ होतो असे नाही. त्या गटाचे वजनही उतरले होते, तेव्हा श्रेय नेमके कशाचे हा प्रश्न उरतोच.

घरात हे करायला वेगळे पीठ आणावे लागत नाही. पोह्यांसोबत मोडाची उसळ किंवा दोन अंडी घ्यावीत, भाताचा ढीग निम्मा करून आमटी-भाजी वाढवावी, दोन जेवणांच्या मध्ये बिस्किटांऐवजी शेंगदाणे किंवा फुटाणे खावेत. दुधाचा पुरावा यापेक्षा कच्चा, बहुतेक निरीक्षणांवर बेतलेला. त्यात साय काढलेल्या दुधाचा संबंध जास्त दिसतो. जिममधल्या व्हे प्रोटीनवर (दुधापासून काढलेल्या प्रथिनाच्या भुकटीवर) मात्र आधी संशय घ्यावा. दूध किंवा व्हे यांपैकी एकच गोष्ट बंद करायची, १२ आठवड्यांनी पुन्हा सुरू करायची आणि दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढायचा. सगळेच एकदम सोडले तर दोषी कोण ते कळत नाही आणि कॅल्शियम उगाच कमी पडते.

पाळी अनियमित आहे, हनुवटीवर जाड केस येतात, मान काळवंडली आहे, अशी लक्षणे मुरुमांसोबत असतील तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोनचा बिघाड, तपासावा. टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, डीएचईए-एस, १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, टीएसएच आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) एवढ्या चाचण्या पुरतात. रक्त पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी सकाळी द्यावे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडे फसवतात. केसांसाठी घेतलेले बायोटिनही अनेक चाचण्या बिघडवते, म्हणून ते डॉक्टरांना विचारून काही दिवस आधी थांबवावे. प्रौढ स्त्रियांमध्ये हे सगळे आकडे ठीक येऊनही मुरूम राहणे नेहमीचेच आहे. अशा वेळी डॉक्टर रोज ५० ते १०० मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोन ही पुरुषी हार्मोनांचा परिणाम अडवणारी गोळी देतात. त्याचा पूर्ण गुण यायला सहा महिने लागू शकतात आणि गरोदरपणात ते चालत नाही.

कधी मुळात तो मुरूमच नसतो. कपाळ, छाती, पाठीवर एकाच आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या बहुधा मॅलासेझिया बुरशीच्या असतात आणि अँटिबायोटिकने त्या वाढतात. गोरेपणासाठी लावलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने, बी-१२च्या इंजेक्शनांनी, क्षयाच्या आयसोनियाझिडनेही फोड येतात. पण क्षयाचे औषध स्वतःहून कधीच थांबवू नये. केसांच्या कडेने फोड येत असतील तर आधी डोक्याचे तेल बघावे.

अन्न-असहिष्णुतेच्या नावाखाली होणारी आयजीजी चाचणी टाळावी. आयजीजी हे रक्तातले प्रतिपिंड म्हणजे ते अन्न तुम्ही खाता याची खूण, रोगाची नव्हे. त्या अहवालावरून गहू, अंडी, डाळी सोडणारी माणसे नुसतीच वाळतात. विष्ठेतल्या जिवाणूंच्या चाचणीवरून मुरुमांचा उपचार ठरवण्याइतके ज्ञान अजून हाती नाही. जस्ताचा थोडा उपयोग होतो: रोज सुमारे ३० मिलिग्रॅम, जेवणानंतर, कारण उपाशीपोटी मळमळते. महिनोन्‌महिने घेतल्यास शरीरातले तांबे घटते.

हे सारे मलमासोबत करायचे, मलमाऐवजी नाही. रात्री वाटाण्याएवढे ०.१ टक्क्याचे अ‍ॅडापलीन पूर्ण चेहऱ्यावर लावावे, फोडांवर टिपके देऊ नयेत. आधी एक दिवसाआड, त्वचा सरावली की रोज. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर हे वगळावे. सकाळी २.५ टक्क्यांचे बेन्झॉइल पेरॉक्साइड. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढरा ठेवावा, रंग उडतो. पहिल्या काही आठवड्यांत सोलवटणे आणि जास्त फोड येणे घडते आणि नेमके तिथेच बहुतेक जण औषध सोडतात.

गाठी दुखत असतील, खड्डे पडू लागले असतील, तर आहाराच्या प्रयोगात तीन महिने घालवू नयेत, कारण खड्डे परत भरत नाहीत. तिथे आयसोट्रेटिनॉइन ही अ जीवनसत्त्वाच्या जातीची गोळी लागते: किलोमागे रोज साधारण अर्धा मिलिग्रॅम, स्निग्ध जेवणाबरोबर, यकृत आणि चरबीच्या चाचण्या करत. त्या काळात अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद ठेवायच्या आणि आयसोट्रेटिनॉइन चालू असताना आणि थांबल्यावर किमान एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही.