गोवर की कांजिण्या? फोटो नंतर बघा, आधीचे तीन-चार दिवस आठवा

पोराच्या अंगावर लाल काही उठलं की फॅमिली ग्रुपवर फोटो पडतो, अर्धे म्हणतात गोवर, अर्धे म्हणतात कांजिण्या, आणि एखादी आत्या म्हणतेच की दोन्ही एकच गं, कडुलिंबाच्या पाल्यावर झोपव, आठ दिवसात उतरेल. एकच नाहीयेत हो. व्हायरस वेगळा, लस वेगळी, काळजी वेगळी, आणि गोवर तर आजही लहान मुलांचा जीव घेतो.

माझं म्हणणं असं की पुरळ कसं दिसतंय यापेक्षा पुरळाच्या आधी काय झालं ते विचारा. गोवरात पुरळ उशिरा येतं. आधी तीन-चार दिवस सणकून ताप, खोकला, वाहतं नाक, डोळे लालभडक, उजेड सहन होत नाही, पोरगं नुसतं किरकिरतं आणि घरात सगळ्यांना वाटतं व्हायरल आहे. याच दिवसात मोबाईलचा टॉर्च लावून गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर बघितलं तर लालसर भागावर बारीक पांढरे ठिपके दिसू शकतात, डॉक्टर त्यांना कॉप्लिक स्पॉट म्हणतात, पण ते थोडेच दिवस टिकतात त्यामुळे बऱ्याच घरात कुणी बघितलेलेच नसतात. मग कानामागून, केसांच्या कडेपासून पुरळ सुरू होतं आणि चेहरा, छाती-पोट, हातपाय असं वरून खाली उतरत जातं. सपाट किंवा किंचित उठलेलं असतं, एकमेकांत मिसळतं, त्यात पाणी नसतं. सावळ्या अंगावर लाली पटकन कळत नाही, म्हणून हात फिरवून बघा, कातडी खरखरीत लागते. जाताना काळपट-तपकिरी डाग राहतात आणि कोंडा सुटतो.

कांजिण्यांचं उलट. लहान मुलांना आधी फार तर एखादा दिवस कणकण, कधी तीही नाही, आणि थेट छाती, पाठ, तोंड, डोक्यात केसांच्या मधेसुद्धा पुळ्या. आधी ठिपका, मग पुळी, मग पाण्याचा थेंब ठेवल्यासारखा फोड, मग खपली, आणि हे सगळे प्रकार एकाच वेळी एकाच पाठीवर दिसतात, हीच सगळ्यात मोठी खूण. खाज तर जीव नकोसा करणारी.

पसरतात दोन्ही प्रचंड, पण गोवराचा व्हायरस पेशंट खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. पुरळ यायच्या आधीचे ४ दिवस आणि नंतरचे ४ दिवस गोवर लागतो. कांजिण्या पुरळाच्या आधी एक-दोन दिवसांपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत लागतात, त्यामुळे ताप उतरला म्हणून लगेच शाळेत पाठवू नका.

"एकदा होऊन जाऊ दे, सुटलो" हे गोवराबद्दल ऐकलं की मला खरंच त्रास होतो. न्यूमोनिया, जुलाब, क्वचित मेंदूला सूज, आणि शरीराने आधीच्या आजारांविरुद्ध कमावलेली प्रतिकारशक्तीसुद्धा गोवर बरीचशी पुसून टाकतो, म्हणून नंतरही पोर सारखं आजारी पडतं. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी-कुर्ला भागात, शिवाय भिवंडी-मालेगावात गोवराची साथ आली, मुलं दगावली, कोविडच्या काळात कितीतरी बाळांचे डोस राहून गेले होते. एमआरची, म्हणजे गोवर-रुबेलाची लस सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यात. आज कार्ड काढून बघा, राहिला असेल तर आशाताईंना विचारा. आणि गोवराची शंका आली तर घरी लपवून ठेवू नका, दवाखान्यात दाखवा, पण आधी फोन करून सांगा म्हणजे वेटिंगमधल्या बाकीच्या बाळांजवळ बसवणार नाहीत. तिथे व्हिटॅमिन ए चे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी देतात, ते डोळे आणि जीव दोन्ही वाचवायला मदत करतात.

कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, खासगीत विकत घ्यावी लागते. आजार झालाच तर नखं कापा, कॅलामाइन लावा, आंघोळ बंद करू नका, तापाला डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, पण अ‍ॅस्पिरिन अजिबात नाही, त्याने लिव्हर आणि मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. घरात गरोदर बाई असेल आणि तिला कांजिण्या येऊन गेल्या नसतील तर तिला लांब ठेवा, संपर्क आलाच असेल तर त्याच दिवशी तिच्या डॉक्टरांना कळवा. मोठ्या माणसांना कांजिण्या जड जातात, त्यांनी पहिल्याच दिवशी दाखवावं, व्हायरसवरचं औषध लवकर सुरू केलं तरच नीट काम करतं.

बऱ्या झाल्या तरी कांजिण्यांचा व्हायरस मज्जातंतूंमध्ये दबून राहतो आणि पुढे, जास्त करून म्हातारपणी, नागीण म्हणून बाहेर येऊ शकतो. आजोबांना नागीण झाली असेल तर तिचे फोड झाकून ठेवा, खपली धरेपर्यंत तान्ह्या नातवाला त्यांच्या मांडीवर देऊ नका, त्याला त्यातून कांजिण्या होऊ शकतात.