घरगुती बॅटरी अनुदान (ऑस्ट्रेलिया)

छतावरच्या सौर पॅनेलची दुपारची वीज साठवून रात्री वापरता यावी, यासाठी बॅटरी बसवणाऱ्याला सरकारकडून मिळणारी सवलत. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारची ‘चीपर होम बॅटरीज प्रोग्रॅम’ ही योजना १ जुलै २०२५ रोजी सुरू झाली. घरांबरोबरच लहान व्यवसाय आणि सामाजिक संस्थाही तिच्यात बसतात. सुरुवातीला बॅटरीच्या खर्चात साधारण ३० टक्के सूट मिळत होती.

ही गरज का पडली, ते दोन आकड्यांत दिसते. न्यू साउथ वेल्स राज्यात २०१० साली घरच्या छतावरची वीज ग्रिडला देणाऱ्यास युनिटमागे (एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास वीज) ६० सेंट मिळत. व्हिक्टोरिया राज्याने २०२५-२६ साठी ठरवलेला किमान दर होता ०.०४ सेंट, शंभर युनिट द्यावेत तेव्हा हाती चार सेंट. देशात ४० लाखांहून अधिक छतांवर पॅनेल आहेत. स्वच्छ उन्हाच्या दुपारी वीज इतकी होते की घाऊक बाजारातला भाव शून्याखाली उतरतो. दिवस मावळला की पॅनेल थंडावतात आणि नेमके तेव्हाच घरोघरी स्वयंपाक नि एसी सुरू होतात. दुपारी कवडीमोलाने दिलेले युनिट संध्याकाळी कित्येक पट दराने परत विकत घ्यावे लागते.

सवलत रोख रकमेने खात्यात येत नाही. बॅटरीत किती युनिट वीज साठते, त्या वापरण्याजोग्या क्षमतेवरून बाजारात विकता येणारी प्रमाणपत्रे ठरतात. ग्राहक ती बहुधा बसवणाऱ्या कंपनीच्या नावे करतो आणि कंपनी तेवढी रक्कम बिलातून वजा करते. २०२५ मध्ये दर युनिट क्षमतेमागे ९.३ प्रमाणपत्रे होती. दहा युनिटांच्या बॅटरीला ९३ प्रमाणपत्रे मिळत. एकाची किंमत ४० डॉलरच्या आसपास धरली तर ही सूट ३,७०० डॉलरच्या घरात जाते, त्यातून कंपनीचा हाताळणी खर्च वजा होतो. बॅटरी ५ ते १०० युनिट क्षमतेची हवी, सवलत मात्र पहिल्या ५० युनिटांपुरतीच. सोबत नवे किंवा जुने सौर पॅनेल असावे लागते, बॅटरी मान्यताप्राप्त यादीतली लागते आणि बसवणाराही मान्यताप्राप्त लागतो. ग्रिडला जोडलेली बॅटरी ‘आभासी वीजकेंद्रा’त, म्हणजे अनेक घरांच्या बॅटऱ्या एकत्र चालवणाऱ्या व्यवस्थेत, सामील होण्याजोगी हवी, सामील व्हायचे की नाही, हे घरमालकाने ठरवायचे. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या राज्य योजनेत मात्र तशी सक्ती आहे.

योजनेचा आराखडा एका जागी चुकला. सवलत क्षमतेच्या प्रमाणात सरळ वाढत असल्याने लोकांनी गरजेपेक्षा मोठ्या बॅटऱ्या घेतल्या. २.३ अब्ज डॉलरची तरतूद अपेक्षेपेक्षा फार लवकर संपेल असे दिसू लागले. डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने तरतूद ७.२ अब्जांवर नेली आणि मे २०२६ पासून टप्पे लावले : पहिल्या १४ युनिटांना पूर्ण सवलत, १४ ते २८ ला ६० टक्के, २८ ते ५० ला १५ टक्के. ही दुरुस्ती योग्यच होती. सामान्य कुटुंबाची रात्र भागवणाऱ्या बॅटरीला जास्त मदत मिळावी, हे पहिल्या दिवसापासून व्हायला हवे होते. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला आणि स्वतःचे छप्पर नसलेल्या फ्लॅटधारकाला या योजनेतून जवळपास काहीच मिळत नाही. करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या योजनेतली ही उणीव मोठी आहे.

राज्यांचे प्रयोग याआधीचे आहेत. साउथ ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये ४०,००० घरांचे उद्दिष्ट ठेवून ६,००० डॉलरपर्यंत अनुदान सुरू केले होते. अमेरिकेत तीन युनिट वा त्याहून मोठ्या घरगुती बॅटरीवर ३० टक्के करसवलत होती. ती २०२५ अखेर बंद झाली.

भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपये मिळतात, ते ग्रिडशी जोडलेल्या सौर संचासाठी. महाराष्ट्रातल्या घरांत बॅटरी ओळखीची आहे ती इन्व्हर्टरखालची : लाइट गेल्यावर पंखा चालवणारी, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागणारी. नेट मीटरिंग असलेल्या घराला दुपारी दिलेले युनिट बिलात वळते करून मिळते, त्यामुळे साठवणीचे काम ग्रिडच करते. ऑस्ट्रेलियात ती सोय आटली आणि बॅटरी भिंतीवर आली.