स्टीफन्स, थॉमस

(सु. १५४९–१६१९). कोकणीचे पहिले छापील व्याकरण लिहिणारे इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक आणि मराठी ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते. मराठीत ते फादर स्टीफन्स म्हणून परिचित आहेत. मूळचे इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातले. रोममध्ये जेझुइट संघात दाखल झाल्यावर लिस्बनहून निघून ते ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि पुढची सुमारे चाळीस वर्षे बहुतांशी दक्षिण गोव्यातील साष्टी भागातच राहिले.

कवी म्हणून त्यांचे कौतुक झाले, तितके त्यांच्या भाषाभ्यासाचे झाले नाही. खरे तर दोन्हींचे मूळ एकच: त्यांचा कान. गोव्यात चार वर्षे झाली, तेव्हा, १५८३ मध्ये, भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळते, असे कळवले. भाषांच्या समान उगमाचा सिद्धांत त्यांनी मांडला नाही; पण संस्कृतचे ग्रीक-लॅटिनशी नाते सांगणाऱ्या विल्यम जोन्स यांच्या कलकत्त्यातील प्रसिद्ध व्याख्यानाआधी दोनशे वर्षे हे साम्य त्यांनी हेरले होते. पत्र मात्र विसाव्या शतकापर्यंत अप्रकाशितच राहिले.

त्यांचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये असून त्याच्या नावात भाषेला ‘कानारीं’ म्हटले आहे. त्यावरून ते कन्नडचे समजू नये. गोव्याच्या लोकांना आणि त्यांच्या बोलीला पोर्तुगीज त्याच नावाने ओळखत. मांडणीचा साचा लॅटिन व्याकरणाचा, पण आतली सामग्री साष्टीच्या बोलण्यातली. रोमन लिपीत ट, ड, ण, ळ यांना अक्षरे नाहीत. त्या काळच्या गोव्यातील रोमन लेखनात ही अडचण अक्षर दुहेरी करून सोडवलेली दिसते. रोमी लिपीत ‘कोंकणी’ लिहिताना ‘ण’साठी आजही दोन ‘एन’ येतात, ती याच परंपरेची खूण.

‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतल्या राशोल गावी रोमन लिपीत छापले गेले. ओवीबद्ध अशा या ग्रंथात मराठीला फुलांतल्या मोगरीची आणि सुगंधांतल्या कस्तुरीची उपमा आहे. मराठीची इतकी मनापासून केलेली स्तुती जुन्या वाङ्मयात विरळाच. भाषा मराठी असली, तरी कोकणी शब्द जागोजाग भेटतात.

व्याकरण छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. दियोगु रिबैरु या जेझुइट धर्मोपदेशकांनी भर घातल्यावर ते १६४० मध्ये राशोललाच छापले गेले. त्याची दुसरी आवृत्ती पोर्तुगीज अभ्यासक कुन्य रिव्हारा यांनी गोव्यात काढली, ती थेट १८५७ मध्ये.