चल जनुकीय घटक आणि प्रतिजैविक-प्रतिरोध

जीवाणूंच्या डीएनएचे जे तुकडे पेशीतल्या पेशीत जागा बदलतात किंवा एका पेशीतून दुसरीत जातात, त्यांना चल जनुकीय घटक म्हणतात. प्लास्मिड (गुणसूत्राबाहेरचे, स्वतःच्या प्रती बनवणारे डीएनए), ट्रान्सपोझॉन (इतर जनुके सोबत घेऊन जागा बदलणारा तुकडा), आयएस-क्रम (जागा बदलण्यापुरतीच जनुके असलेला छोटा तुकडा) आणि जीवाणुभक्षक विषाणू हे त्यांतले प्रमुख. इंटेग्रॉनही यांतच मोजतात. काटेकोर पाहता तो स्वतः हलत नाही, जनुकांच्या ‘कॅसेट’ गोळा करतो आणि ट्रान्सपोझॉन वा प्लास्मिडाबरोबर प्रवास करतो.

अभ्यासाची सुरुवात सामान्यतः जपानमधील हगवणीच्या साथींपासून धरतात. 1950 च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास तेथे सल्फोनामाइड, स्ट्रेप्टोमायसीन, क्लोरॅम्फेनिकॉल व टेट्रासायक्लीन या चारही औषधांना दाद न देणारे शिगेला जीवाणू मिळू लागले. चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच पेशीत जुळून येणे जवळजवळ अशक्य होते. 1959 मध्ये ओचिआई आणि आकिबा यांच्या गटांनी दाखवले, की प्रतिरोधक व संवेदनशील जीवाणू एकत्र वाढवल्यास चारही गुण ई. कोलाय आणि शिगेला यांच्यात एकदमच संक्रमित होतात. या वाहकाला आर-घटक म्हटले गेले. पुढे तो प्लास्मिड ठरला. पेशींचा प्रत्यक्ष संपर्क होऊन घडणारे हे संक्रमण म्हणजे संयुग्मन.

प्रतिरोध-जनुके मुळात कोठून आली, याबद्दल एकमत नाही. प्रतिजैविके बनवणाऱ्या स्ट्रेप्टोमायसीससारख्या जीवाणूंची स्वसंरक्षक जनुके इतरत्र पसरली, असे बेनव्हिनिस्ट व डेव्हिस यांनी 1973 मध्ये सुचवले. एन्झाइमांचे साम्य या मताला पूरक असले, तरी अलीकडच्या काळातील थेट संक्रमणाचा पुरावा तुटपुंजा आहे. ज्यांचा माग खात्रीने लागला ती जनुके बहुधा उत्पादक नसलेल्या जीवाणूंच्या गुणसूत्रांवर सापडली. त्यामुळे ती अशा उत्पादक नसलेल्या जीवाणूंकडून आली, हा दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. उदाहरणार्थ, सीटीएक्स-एम बीटा-लॅक्टमेजांची (पेनिसिलिनसारखी औषधे निकामी करणाऱ्या एन्झाइमांची) जनुके क्लुयव्हेरा या जीवाणू-प्रजातीच्या गुणसूत्रावरची. त्यांच्या शेजारी आयएसईसीपी1 हा आयएस-क्रम बसला, की उचलेगिरी सुरू होते: स्वतःचे उजवे टोक ओळखण्यात हा क्रम ढिला असल्याने पलीकडचाच एखादा क्रम तो टोक म्हणून धरतो आणि मधले जनुक सोबत नेतो. शिवाय त्याच्यातील प्रवर्तकामुळे (जनुक चालू करणाऱ्या भागामुळे) नव्या जागी त्या जनुकाची अभिव्यक्ती वाढते.

वाहक मात्र जुने. मरे यांनी 1917 ते 1954 दरम्यान जमवलेल्या आंत्र-जीवाणूंच्या संग्रहातून दत्ता व ह्यूज यांनी 1983 मध्ये प्रतिरोध-जनुके नसलेली संयुग्मी प्लास्मिडे मिळवली. ती आजच्याच गटांतली होती. दुसरीकडे, कॅनडातील युकॉनमधील सुमारे 30,000 वर्षे जुन्या गोठलेल्या मातीत प्रतिरोध-जनुके आढळली आहेत. म्हणजे जनुके आणि वाहने दोन्ही प्राचीन. त्यांची मोठ्या प्रमाणावर सांगड औषधांच्या काळातली.

प्रतिरोध-जनुके पसरवण्यातला जीवाणुभक्षकांचा वाटा वादग्रस्त आहे. त्यांच्या डीएनएत अशी जनुके विपुल असल्याचे काही दावे सैल निकषांमुळे फुगलेले दिसतात. स्टॅफिलोकॉकस जीवाणूंमध्ये मात्र जीवाणुभक्षकांमार्फत होणारे संक्रमण महत्त्वाचे मानतात.

औषध थांबवल्याने प्रतिरोध आपोआप मावळेलच असे नाही. टीएन21 या ट्रान्सपोझॉनावर पाऱ्याला प्रतिरोध देणारी जनुके आणि प्रतिजैविक-प्रतिरोधाचा इंटेग्रॉन शेजारीशेजारी असतात. परिसरात पारा असेल, तर एकाही प्रतिजैविकाविना दोन्ही टिकून राहतात.