ईबुक एकदा घेतलं की सगळ्यांना, कायमचं? तसं नसतं हो

लायब्ररीतली रेफरन्सची जाडजूड पुस्तकं काढून ईबुक्स आणायची म्हटलं की एक वाक्य हमखास येतं, "एकदा घेतलं की झालं, कितीही जण एकाच वेळी वाचतील आणि ते कायम आपलंच." यातलं बरंचसं चुकीचं आहे. लायब्ररी बहुतेक वेळा पुस्तक नाही तर लायसन्स घेते, आणि त्यात ठरलेलं असतं की एका वेळी एकच युजर, की तीन, की अनलिमिटेड. एकच असेल तर दुसऱ्याला परीक्षेच्या आदल्या रात्री 'सध्या उपलब्ध नाही' असा मेसेज, म्हणजे फाईल असूनही वाट बघा, आहे की नाही गंमत! अनलिमिटेडचा दर अर्थातच जास्त असतो.

आणि कायमचं म्हणाल तर परपेच्युअल (म्हणजे कायमस्वरूपी) अ‍ॅक्सेस घेतला तरच पुस्तक राहतं, त्यावरही काही प्लॅटफॉर्म दरवर्षी फी लावतात. सबस्क्रिप्शन पॅकेजमध्ये पैसे थांबले की सगळं गेलं, शिवाय पैसे चालू असतानाही प्रकाशकाने एखादं टायटल काढून घेतलं तर ते गायब.

म्हणून छापीलच बरं असं नाही हं. ज्ञानकोश, डिक्शनऱ्या शोधायला ऑनलाइनच सोप्या, ब्रिटानिकाने तर २०१२ मध्येच छापील आवृत्ती बंद केल्याचं जाहीर केलं, २०१० ची ३२ खंडांची शेवटची. फक्त शेल्फ रिकामं करायच्या आधी करार नीट वाचा, युजर किती, पैसे थांबल्यावर काय, आणि प्लॅटफॉर्मच बंद पडला तर पोर्टिकोसारख्या डिजिटल पुस्तकं सांभाळणाऱ्या संस्थेकडे कॉपी जपलेली आहे का.