गच्चीवरची टाकी आणि नारळाचा शेंडा

दादरच्या जुन्या वस्तीत एखाद्या चार मजली इमारतीच्या अंगणात गच्चीच्याही वर डोके काढलेला नारळ अजून दिसतो. इमारतीचे पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवणारा पंप मात्र तळाशीच बसवावा लागतो, कारण वरून पाणी ओढू पाहणारा पंप, कितीही ताकदीचा असला तरी, सुमारे 10 मीटरच्या पुढे हतबल होतो. हवेच्या दाबाला त्याहून उंच पाण्याचा स्तंभ तोलता येत नाही. नारळ 20 मीटरवर पाणी नेतो, आणि तेही वरूनच ओढून.

हे काम करणाऱ्या ऊतीला प्रकाष्ठ म्हणतात. शालेय पुस्तकांतल्या जलवाहिन्या त्या याच. तिच्या पाणी वाहणाऱ्या पेशी मेल्यानंतरच कामाला लागतात. कोवळी पेशी आपल्या भिंतीवर आतून कडी, मळसूत्र किंवा जाळीच्या आकाराचे जाड थर चढवते, लिग्निन या लाकडाला कडकपणा देणाऱ्या द्रव्याने ते कठीण करते आणि अखेर स्वतःतले जीवद्रव्य पचवून टाकते. उरते ती पोकळ नळी. नेचे आणि सूचिपर्णी वृक्षांत पाणी बहुधा एका पेशीतून दुसरीत भिंतीवरील खाचांमधूनच झिरपते. सपुष्प वनस्पतींत बहुतेक ठिकाणी आडभिंती विरलेल्या पेशी एकीवर एक रचून सलग, रुंद वाहिन्या बनतात, आणि व्यास दुप्पट झाला की प्रवाह सोळापट होतो.

ओढतो कोण? जगदीशचंद्र बोस यांनी 1923च्या आपल्या ग्रंथात याचे श्रेय जिवंत पेशींच्या स्पंदनांना दिले होते. ते मत टिकले नाही. खरे तर त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी कापलेले उंच वृक्ष विषारी द्रावणांत उभे करून पाहिले होते, आणि पेशी मेल्या तरी द्रावण चढतच राहिले. 1894 मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जॉली यांनी दिलेले स्पष्टीकरण आज मान्य आहे: पर्णरंध्रांतून बाष्प निसटते, पानातील पेशीभित्तिकांच्या सूक्ष्म छिद्रांत पाण्याचा पृष्ठभाग आत खेचला जातो, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असल्यामुळे तो ताण थेट मुळांपर्यंत पोहोचतो. झाडाचा यात जवळजवळ काहीच खर्च होत नाही, ऊर्जा सूर्याची.

हा ताण किती असू शकतो, ते ठाणे खाडीच्या चिखलातल्या तिवराकडे पाहून कळते. समुद्राच्या पाण्यातून मीठ मागे ठेवून पाणी ओढायचे, तर हवेच्या दाबाच्या सुमारे 25 पट ताण लागतो, म्हणजे सुमारे 250 मीटर उंच स्तंभ पेलण्याइतका. जेमतेम पुरुषभर उंचीचे झुडूपही तो रोज देते. एवढ्या ताणात हवेचा बुडबुडा शिरला तर ती वाहिनी निकामी होते. म्हणून तिवराच्या वाहिन्या अरुंद आणि दाटीने असतात, आणि खाचांमधले पातळ पटल बुडबुड्याला शेजारच्या वाहिनीत जाण्यापासून अडवते.

इतर वृक्ष निकामी वाहिन्यांच्या बाहेर नवे लाकूड घालत राहतात. नारळाच्या खोडात तशी वाढच नसते; बुंध्याशी त्याच्या तरुणपणी तयार झालेल्या वाहिन्यांमधूनच पन्नास-साठ वर्षांनीही शहाळ्यांचे पाणी वर जाते.